लेबलवर नाव कुणाचं? किनवटच्या कलाकारांची नोंद घेताना

(टोपली कॅमेऱ्यासमोर धरून)

नमस्कार. ही टोपली नीट बघा. नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यात, एका कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, विणलेली आहे.

काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी अशीच एक टोपली मांडली होती आणि खाली चिठ्ठी लावली होती, 'कोलाम जमातीची टोपली, बांबू'. विणणारे आजोबा बघायला आले. नातवाकडून चिठ्ठी वाचून घेतली आणि मला म्हणाले, "मी केली ते कुठं लिवलंय?" शेजारच्याच भिंतीवर शहरातल्या चित्रकाराचं चित्र होतं. त्याच्याखाली नाव, साल, माध्यम, सगळं होतं. आजोबांना काय सांगावं ते मला कळेना. तो प्रश्न अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

म्हणून आज, प्रदर्शनासाठी आदिवासी कलाकाराची नोंद कशी घ्यायची, ते सांगतो.

किनवट-माहूरचा पट्टा म्हणजे पैनगंगेच्या कडेचं जंगल. इथं गोंड, कोलाम, आंध, परधान राहतात. मराठवाडा म्हटलं की दुष्काळ आणि लेणी एवढंच आठवणाऱ्यांना हे माहीत नसतं. आणि ज्यांना माहीत असतं, ते लगेच म्हणतात, "हजारो वर्षांची कला!" या वाक्यानं कलाकाराचं फार नुकसान केलंय. कला हजारो वर्षांची म्हटली की आज ती करणारा माणूस दिसेनासा होतो.

आता गोंड चित्रकला घ्या. कागदावर आणि कॅनव्हासवर आज आपण जी बघतो, ती 1980 च्या दशकात आकाराला आली. मध्य प्रदेशातल्या पाटनगढचे जनगढसिंह श्याम हे परधान. परधान म्हणजे गोंडांच्या देवांच्या, पूर्वजांच्या कथा गाणारे. जे गायलं जायचं ते जनगढ यांनी रंगात आणलं. चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांच्यामुळं ते भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात आले. 1989 मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांचं काम होतं, आणि आपल्या डहाणूकडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचंही. जनगढ यांच्या शैलीला आज 'जनगढ कलम' म्हणतात. एका माणसाच्या नावानं अख्खी शैली ओळखली जाते! किनवटच्या परधानांमध्येही गाणारे आहेत. त्यांच्या नावांची यादी कुणी केलीय का?

तर नोंद. पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीतच ठेवायचा. चहा घ्यायचा, काम बघायचं, कशासाठी आलोय ते सांगायचं. वस्तू कुठं मांडणार, फोटो कुठं छापणार, पैसे किती आणि कधी देणार, सगळं बोलून घ्यायचं. संमतीचा कागद त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचायचा, जमलं तर त्यांच्या भाषेत, आणि एक प्रत त्यांच्याच घरी ठेवायची. वस्तू विकत घेतली म्हणजे तिचे सगळे हक्क आपल्याकडे आले, असं होत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानं स्वतःच्या कलाकृतीवर स्वतःचं नाव सांगायचा हक्क कलाकाराकडे राहतो.

मग फोटो. सावलीत, फ्लॅश न मारता, शेजारी मोजपट्टी ठेवून. समोरून एक काढला की झालं, असं समजू नका. (टोपली उलटी करतो) हे बूड बघा. विणीची सुरुवात इथं असते, सगळा हात इथं कळतो. बंजारा तांड्यावर कांचळी (चोळी) किंवा फेटियाची (घागऱ्याची) नोंद घेतानाही तेच. भरतकामाची उलटी बाजू काढा. दोरा कुठून कुठं गेलाय, आरसा कसा धरलाय, ते मागूनच दिसतं.

सालाचं मात्र अवघड असतं. "कधी केलं?" विचारलं की उत्तर येतं, "लई दिस झाले." तेव्हा असं विचारा: पोळ्याच्या आधी का नंतर? नातू तेव्हा कितवीत होता? तुमच्या घरावर पत्रे आले होते का? तारीख नाही, पण साल बहुतेक वेळा सापडतं.

आणि आवाज रेकॉर्ड करा. कोलामीत बोलतायत तर आधी कोलामीतच बोलू द्या, मराठी नंतर. विणीला, अवजाराला त्यांचा जो शब्द आहे तोच देवनागरीत लिहा आणि परत वाचून दाखवा. मी दोनदा चुकीचा लिहिला, तो त्यांनीच दुरुस्त केला.

एक गोष्ट फार जपून करायची. दिवाळीच्या दिवसांत दंडारी, म्हणजे गोंडांचा नाचाचा मेळा, निघतो, त्यातले घुसाडी नाचे डोक्यावर मोरपिसांचा टोप घालतात. तो टोप पूजेतला असतो. दिसायला इतका देखणा, की काचेच्या पेटीत ठेवायचा मोह होणारच. पण आधी गावातल्या जाणत्यांना विचारा. ते नको म्हणाले तर पेटी रिकामी राहू द्या. फोटोलाही नको म्हणाले, तर फोटोही नाही.

यंदा मी त्याच आजोबांकडं परत गेलो. लेबल आधी लिहिलं आणि वाचून दाखवलं: त्यांचं नाव, पोडाचं नाव, बांबू, साल, मापं. ते ऐकत होते. मग आत बसलेल्या आजींकडं हात करून म्हणाले, "विणतो मी. पण कामट्या काढून, तासून ती देते. तिचं पण लिव."

आजी आतूनच "माझं कशाला" म्हणाल्या. आजोबांनी ऐकलं नाही. लेबलवर आता दोन नावं आहेत, आणि मापाची ओळ एक घर खाली सरकलीय.