तारेतला पडसाद, आकाशातला पडसाद

(इंदूरमध्ये मराठी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षबाई आणि मंडळी, नमस्कार.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘संगणक-जाळ्याची यंत्रं आणि रडारचं चित्रण’. काल एका स्नेह्यांचा फोन आला, म्हणाले, ही दोन व्याख्यानं आहेत का? नाही, एकच आहे. माझी सगळी नोकरी-धंद्याची वर्षं केबल ओढण्यात गेली आणि रडारबद्दल वाचायचा नाद पुढे लागला. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की या दोन्ही विद्यांची गाठ एकाच गोष्टीशी आहे. ती म्हणजे पडसाद. हे कुणाला तरी नीट सांगावं असं फार वर्षांपासून मनात होतं. आज तुम्ही संध्याकाळ काढून आलात, त्याबद्दल मनापासून आभार.

पावसाळ्यात मांडूला गेला नाही असा माणूस या सभागृहात नसेल. तिथल्या इको पॉइंटवर उभं राहून आपण सगळ्यांनी आपापली नावं ओरडून घेतली आहेत. समजा, तुमची हाक दीड सेकंदानं परत आली. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन ५१० मीटर झाले, समोरची भिंत २५५ मीटरवर आहे. हातात टेप नाही, पायाला चिखल नाही, आणि अंतर मोजून झालं. हे रडार.

आता त्याच जागी उभे राहा आणि समोरच्या टेकडीवरच्या माणसाला ओरडून भाजीची यादी सांगा. बटाटे म्हणता म्हणता मघाची मेथी परत येते, टोमॅटोत बटाटे मिसळतात, आणि त्या बिचाऱ्याला काही कळत नाही. ही संगणकाच्या जाळ्याची अडचण. डोंगर तोच, हाक तीच.

पहिल्या रांगेपासून मी एक काडेपेटी फिरवायला देतोय. आत बोटाच्या पेराएवढी पितळी-चंदेरी टोपी आहे. हातात घेऊन बघा, पुढच्याला द्या. तिची गोष्ट मी सांगणार आहे.

हे जाळं मुळात हवेतून तारेत आलं, हे फार लोकांना ठाऊक नसतं. हवाई बेटांवर नॉर्मन अब्रामसन नावाच्या प्राध्यापकांनी १९७१ मध्ये वेगवेगळ्या बेटांवरचे संगणक रेडिओनं जोडले. नाव ठेवलं अलोहा. पद्धत साधी होती: बोलायचं असेल तर बोला, दोघं एकदम बोलले आणि शब्द आदळले तर थोडं थांबा आणि पुन्हा बोला. कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफनी यावर विचार केला, आणि २२ मे १९७३ रोजी एक टिपण लिहिलं. आकाशाऐवजी एक लांब केबल घ्यायची, सगळ्यांनी तिच्यावरच बोलायचं, पण आधी कान द्यायचा की दुसरं कुणी बोलतंय का. नाव ठेवलं ईथरनेट. प्रकाश ज्यातून वाहतो असं जुने शास्त्रज्ञ मानत, ते सर्वव्यापी ईथर. मायकेलसन आणि मोर्ली यांच्या १८८७ च्या प्रयोगापासूनच ते खोटं ठरत गेलं होतं. भौतिकशास्त्रानं टाकून दिलेला शब्द या माणसानं उचलून केबलला दिला. मला हे नामकरण अतिशय आवडतं. मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी मिळून ते उभं केलं तेव्हा वेग होता सेकंदाला २९ लाख ४० हजार बिट.

आधी ऐका, मग बोला, आदळलं तर दोघंही गप्प बसा, आणि प्रत्येकानं वेगवेगळा वेळ थांबा. दिवाळीत आमच्या घरी बावीस माणसं जेवायला असतात. हा नियम मी तिथे लावून बघितला. आमच्या मोठ्या वन्सं, म्हणजे सौभाग्यवतींच्या भाषेत वन्सं, माझी थोरली बहीण, तिला थांबण्याचा भाग मान्य झाला नाही. (हशा) असो.

पण या सगळ्या रचनेत एक मेख होती. केबलला दोन टोकं असतात. वीजलहर टोकाला पोचली की तिचं काय होतं? महेश्वरला बघा. नाव गेली की लाट घाटाच्या दगडावर आपटते आणि उलटी फिरते. पण वाळूच्या उतारावर चढलेली लाट तिथेच जिरते. केबलचं उघडं टोक म्हणजे घाटाचा दगड. लहर आपटून परत येते आणि मागून येणाऱ्या लहरीत शिरते. मग जाळ्यातल्या प्रत्येक संगणकाला वाटतं की कुणीतरी मध्येच बोललं, आणि सगळे गप्प होतात. म्हणून दोन्ही टोकांना वाळूचा उतार लावायचा. ती टोपी म्हणजे तो उतार. तिला टर्मिनेटर म्हणतात. आत ५० ओहमचा एक रोधक असतो, बस. केबलचा स्वतःचा गुणही ५० ओहमचाच असतो, त्यामुळे लहरीला वाटतं केबल अजून पुढे आहे. ती निश्चिंतपणे पुढे जाते आणि तिथेच विरते.

आता गोष्ट. १९९५ ची दिवाळी. इथल्याच एका कचेरीत मी चौदा संगणकांचं जाळं टाकलं होतं. बारीक कोअ‍ॅक्सिअल केबल, प्रत्येक संगणकामागे इंग्रजी टी अक्षरासारखा जोड, दोन टोकांना दोन टोप्या. सहा महिने उत्तम चाललं. दिवाळीची सुट्टी संपून कचेरी उघडली आणि चौदाही संगणक मुके. फोन आला, मी स्कूटरला किक मारली.

पहिला दिवस मी चौदा जोड उघडले, पुसले, लावले. दुसरा दिवस कार्डं बदलण्यात गेला. साहेब दर तासाला येऊन उभे राहत. तिसऱ्या दिवशी सॉफ्टवेअरवाला आला आणि म्हणाला, माझं सॉफ्टवेअर ठीक आहे, केबल खराब आहे. मी म्हणालो, केबल ठीक आहे. मंडळी, त्या रात्री मला झोप लागली नाही. पैशाचं सोडा, पण आपण हातानं टाकलेली वस्तू आपल्याला कळू नये, हे फार लागतं.

चौथ्या दिवशी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मी एक यंत्र मागून आणलं. टीडीआर म्हणतात त्याला. पेटीएवढं जड, छोटा हिरवा पडदा. ते केबलमध्ये एक ठोका सोडतं आणि पडसादाची वाट बघतं. पडद्यावर सरळ रेष आली, आणि पुढे एका ठिकाणी ती पायरीसारखी वर चढली. वर चढली म्हणजे तिथे टोक उघडं आहे. खाली पडली असती तर शॉर्ट. पायरी होती ६०० नॅनोसेकंदांवर. या केबलमध्ये लहर एका नॅनोसेकंदात साधारण २० सेंटिमीटर जाते. जाऊन-येऊन १२० मीटर. म्हणजे साठ मीटर. मी पावलं मोजत निघालो. हॉल, जिना, कॅशियरची खोली, आणि साठाव्या मीटरला रेकॉर्ड रूममधलं लोखंडी कपाट. ते सरकवलं. केबलचं टोक होतं, टोपी नव्हती.

तेव्हा मी कपाटाला टेकून मटकन खाली बसलो. मांडूचा डोंगर मी त्या रेकॉर्ड रूममध्ये बघितला! ज्या पडसादानं चार दिवस चौदा संगणक मुके केले होते, त्यानंच मला सांगितलं, मी इथे आहे.

टोपी गेली कुठे? कचेरीत एक वयस्क दफ्तरी होते. दिवाळीच्या सफाईत त्यांनी कपाटं हलवून मागची जळमटं काढली होती. साठीच्या माणसानं, एकट्यानं. मी विचारल्यावर ते टेबलाच्या खणातून ही काडेपेटी घेऊन आले. वर चिठ्ठी चिकटवलेली, तिच्यावर तारीख. म्हणाले, “साब, ये कहीं लगा नहीं था, आगे कुछ जुड़ा नहीं था। किसी का कीमती सामान होगा, इसलिए संभाल के रखा।” त्यांचं काय चुकलं? ज्या वस्तूला पुढे काहीच जोडलेलं नाही, ती कामाची आहे हे कुणाला कसं कळावं? तिच्यावर चिठ्ठी बांधणं माझं काम होतं. मी साहेबांना तसं सांगितलं, लेखी द्यायला तयार झालो. तरी दुसऱ्या दिवशी त्यांना मेमो मिळाला. निवृत्तीला वर्ष राहिलेल्या माणसाला, सेवेतला पहिला मेमो. त्या कचेरीचं काम मी पुढे घेतलं नाही. त्यानंतर मी टाकलेल्या प्रत्येक टोपीला लाल दोऱ्यानं पुठ्ठा बांधला आणि त्यावर हिंदीत लिहिलं, ‘इसे न निकालें’. निरोप घ्यायला गेलो तेव्हा त्यांना दुसरी टोपी दिली आणि ही काडेपेटीसकट मागून घेतली.

(संयोजकांकडून चिठ्ठी) दहा मिनिटं? बरं. रडार अजून सुरूच व्हायचंय. भराभर जाऊ या.

या टोप्या पुढे गेल्या. जाड केबल गेली, बारीक गेली, पिळाच्या तारा आल्या. १९९० मध्ये अमेरिकेत एका छोट्या कंपनीनं ईथरनेटचा पहिला स्विच बाजारात आणला. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांची कंपनी, आणि नाव काय, तर ‘कल्पना’! स्विचमुळे सगळ्यांनी एका तारेवर बोलायची गरज संपली, प्रत्येकाला स्वतःची वाट मिळाली. त्याआधी १९८५ मध्ये रेडिया पर्लमन यांनी जाळ्यात निरोप गोल गोल फिरत राहू नयेत याची युक्ती काढली होती. या बाईंवर मी वेगळं तासभर बोलू शकतो, बोलावलंत तर येईन.

आता रडार. १९०४ मध्ये कोलोनला ख्रिस्तियान ह्यूल्समायर यांनी रेडिओलहरीचा पडसाद पकडून दाखवला, समोर जहाज आलं की घंटी वाजायची. अंतर मात्र कळत नसे. २६ फेब्रुवारी १९३५ ला इंग्लंडमध्ये डॅव्हेंट्रीजवळ वॉटसन-वॉट आणि विल्किन्स यांनी बीबीसीच्याच लहरींचा विमानावरून आलेला पडसाद बघितला, आणि पुढचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे.

पण पडसादावरून ‘काहीतरी आहे’ इतकंच कळतं. चित्र कसं काढायचं? अँटेना जितकी लांब तितकी नजर बारीक. अमेरिकेचा सीसॅट उपग्रह १९७८ मध्ये ८०० किलोमीटर उंचीवर होता, अँटेना जवळपास ११ मीटर, लहर साडेतेवीस सेंटिमीटरची. साधा हिशेब केला तर त्याला दिसणारा एक ठिपका १७-१८ किलोमीटरचा. म्हणजे राजवाडा, विजयनगर, राऊ सगळं एका ठिपक्यात. तरी त्यानं २५ मीटरपर्यंतचं चित्र काढलं. कसं? त्याचं उत्तर कार्ल वायली यांनी १९५१ मध्येच गुडइअर कंपनीत काम करताना शोधलं होतं. फलाटावर उभे असताना गाडी शिटी देत येते तेव्हा सूर चढा असतो, पुढे गेली की उतरतो. उपग्रह पुढे धावतोय, म्हणून समोरच्या जमिनीचा पडसाद चढा येतो, मागच्याचा उतरता. दोन्ही एकाच क्षणी, एकाच अंतरावरून आले तरी सुरावरून वेगळे करता येतात. धावत धावत गोळा केलेले हजारो पडसाद नीट जुळवले, की छोटी अँटेना कित्येक किलोमीटर लांब असल्यासारखी बघते. सुरुवातीला हे जुळवायचं काम फिल्म, भिंगं आणि पुढे लेझर लावून करत, मिशिगनला एमेट लीथ यांनी ते केलं. मग संगणक आला आणि ते फूरियेच्या गणितानं होऊ लागलं. फूरिये म्हणजे गुंतलेल्या आवाजातून एकेक सूर सुटा करणं. सीसॅट मात्र साधारण १०५ दिवसांत बंद पडला, वीजपुरवठ्यातल्या शॉर्टसर्किटनं. हे वाचलं तेव्हा मला ती हिरवी रेष आठवली, शॉर्ट असता तर खाली पडली असती ती.

आणि आता दोन धागे जोडतो, हेच मला मुळात सांगायचं होतं. जाळं पुन्हा तारेतून हवेत गेलं, वाय-फाय झालं. खोलीत भिंती, पंखा, गोदरेजचं कपाट, सगळीकडून पडसाद. हवेला टोपी कुठे लावणार? ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत जॉन ओ’सलिव्हन होते. ते मूळचे रेडिओ-खगोलवाले, फुटणाऱ्या छोट्या कृष्णविवरांचे ठोके शोधत होते. ते ठोके सापडले नाहीत, पण विस्कटलेला संकेत सावरायचं गणित हाताशी होतं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक जलद बोलणं अनेक संथ सुरांत वाटून दिलं. सूर इतके संथ की भिंतीचा पडसाद आला तरी मागचा शब्द पुढच्यात घुसत नाही. पलीकडे पुन्हा फूरियेनं ते सुटे करायचे. १९९६ मध्ये त्याचं अमेरिकन पेटंट मिळालं. तुमच्या बैठकीतला वाय-फायचा डबा आणि रडारच्या नोंदीतून नकाशा काढणारा संगणक एकच गणित करतात. एक पडसाद पचवण्यासाठी, दुसरा वाचण्यासाठी.

३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून निसार गेला, इस्रो आणि नासाचा उपग्रह. १२ मीटरची जाळीची थाळी, दोन रडार, एक २४ सेंटिमीटरच्या लहरीचं, दुसरं साधारण साडेनऊच्या. दर १२ दिवसांनी तो त्याच जागेवरून जातो. ढग, रात्र यांनी अडत नाही. आपल्या माळव्यात सोयाबीन उभं असतं तेव्हा आभाळ झाकलेलं असतं, कॅमेऱ्याच्या उपग्रहाला खालचं काही दिसत नाही. रडारला दिसतं. ओल्या मातीचा पडसाद कोरड्या मातीहून जोरकस असतो, म्हणून काळी माती किती भिजली याचाही अंदाज लागतो. तुमच्यापैकी ज्यांची सांवेरकडे, देपालपूरकडे शेती आहे त्यांनी थोडं थांबावं, मी ही चित्रं कशी बघायची ते लॅपटॉपवर दाखवतो, वेळ लागला तरी चालेल.

काडेपेटी कुठपर्यंत पोचली? शेवटच्या रांगेत? छान. ताई, ती सरळ धरा, तिचा तळ सैल झालाय, टोपी खाली पडते. आणि वरची चिठ्ठी सोलू नका, तारीख त्यांच्याच हातची आहे.