दोन हंगामांच्या मधले दिवस

काही महिने हंगामी काम, मग उघड्यावरची भटकंती, मधे थोडे दिवस घर आणि पुन्हा काम. असं जगणाऱ्यांना सगळे वाटेबद्दल विचारतात. वाटेवर माणूस सावध असतो, तिथं बरंच काही निभावून जातं. घोळ होतात ते सांध्यांवर: काम सुटल्यापासून पहिल्या मुक्कामापर्यंत, आणि घरी पोचल्यावर पहिले तीन-चार दिवस. म्हणून आज मुख्यतः त्याच दिवसांबद्दल बोलू या.

काम सुटतानाची गोष्ट थोडक्यात. हंगामी कामात राहायची खोली पुष्कळदा कामाबरोबरच मिळते आणि कामाबरोबरच जाते. शेवटचा पगार मात्र नंतर जमा होतो. रुजू होतानाच तीन तारखा लेखी मागून घ्या: खोली कधी रिकामी करायची, शेवटचा पगार कधी मिळणार, विम्याचं संरक्षण कधी संपणार. घरी परतण्याचं भाडं वेगळ्या खात्यात ठेवा आणि खर्चाचा हिशेब करताना ते पैसे नाहीतच असं धरा.

आता शरीर. बसून किंवा एका जागी उभं राहून काम केलेला माणूस भटकायला निघाला, की दम आणि स्नायू लवकर तयार होतात. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा मात्र खूप सावकाश बळकट होतात. त्यामुळे अंगात जोर आलाय असं वाटून माणूस अंतर वाढवतो आणि टाचेच्या मागे किंवा गुडघ्याखाली दुखणं धरतं. पहिले दोन आठवडे पाठीवरचं ओझं शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शात ठेवा. साठ किलोच्या माणसाला बारा किलो, आणि त्यात पाणीही आलं. एक लिटर म्हणजे एक किलो. पावलावर कुठे चुरचुरलं की तिथंच थांबा, त्वचा कोरडी करा, पट्टी चिकटवा. ‘पुढच्या थांब्यावर बघू’ म्हटलं की फोड आलाच. मोज्यांचा एक जोड फक्त झोपण्यासाठी राखा. दिवसभर भिजून पांढरी, सुरकुतलेली झालेली त्वचा रात्रभर कोरडी राहिली तरच सावरते.

पाणी खळखळून एक मिनिट उकळा, दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं. क्लोरीनच्या गोळ्यांना क्रिप्टोस्पोरिडियम हा जंतू दाद देत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. बारीक पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा वापरला की आत पाणी राहतं. ते गोठलं तर तंतू तडकतात आणि बाहेरून काहीही दिसत नाही. गोठवणाऱ्या थंडीत फिल्टर स्लीपिंग बॅगमध्ये अंगाशी घेऊन झोपा. गोठल्याची शंका आली तर तो टाकून द्या.

आता घर. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण सामान खराब होतं ते बहुतेक घरीच. तंबूच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा थर असतो. ओलाव्यानं हा थर हळूहळू तुटत जातो आणि उष्णतेनं ते आणखी वेगानं होतं. मग कापड चिकट लागतं, आंबूस वास येतो, शिवणींवरची पट्टी सुटते. धुऊन हे परत येत नाही. हाताला कोरडा लागणारा तंबूसुद्धा चार ठिकाणी ओला असतो: शिवणी, कोपऱ्यांचे पट्टे, दांड्या घालायच्या नळ्या आणि तळाची खालची बाजू. तिथं बोटानं दाबून बघा. कोमट पाणी, सौम्य साबण आणि स्पंज पुरे; वॉशिंग मशीनमध्ये घालू नका. सावलीत, वारा खेळेल अशा जागी पूर्ण दिवसभर वाळू द्या, कारण उन्हानं नायलॉन कमजोर होतं. मग त्याच्या घट्ट पिशवीत न कोंबता सैल सुती पिशवीत ठेवा. तापणाऱ्या माळ्यावर मुळीच नको.

पिसांची स्लीपिंग बॅग धुतल्यावर एका टोकाला धरून उचलू नका. ओल्या पिसांच्या वजनानं आतले पडदे फाटतात. दोन्ही हातांनी खालून आधार द्या. ड्रायरमध्ये मंद उष्णतेवर दोन-तीन स्वच्छ टेनिस बॉल टाकून वाळवा. कित्येक तास लागतात. चिमटीत गोळे लागताहेत तोवर ती ओली आहे. फुगवायची मॅट झडप उघडी ठेवून पसरून ठेवा. हेडलँपमधले सेल काढा, पॉवर बँक निम्मी भरलेली ठेवा.

बुटांबद्दल लोक हमखास फसतात. पॉलियुरेथेनचा मधला तळ न वापरताही जुना होतो आणि काही वर्षं पडून राहिलेल्या बुटाचा सोल पहिल्याच चढाला सुटतो. तळाच्या कडेला अंगठ्यानं जोर देऊन बघा. भेगा दिसल्या किंवा भुगा निघाला तर ते बूट संपले.

घरच्यांना यायची आणि जायची तारीख आधी सांगा, आणि ओलं सामान कुठे पसरायचं तेही विचारा. न्हाणीघर तीन दिवस अडवून ठेवणं कुणालाही जड जातं. दात तपासून घ्या, धनुर्वाताच्या लशीला दहा वर्षं झाली असतील तर बूस्टर घ्या, पासपोर्टची मुदत बघा. बरेच देश सहा महिने शिल्लक मागतात. आलेली पत्रं उघडायचा अधिकार घरातल्या एकाला देऊन जा.

निघण्याच्या आठवडाभर आधी तंबू एकदा उभारा, स्टोव्ह बाहेर मोकळ्यावर पेटवा आणि भरलेली सॅक घेऊन त्याच बुटांत दोन तास चाला. काही मोडलं तर बदलून घ्यायला दिवस हाती राहतात. विमानात गॅसचा डबा नेता येत नाही, म्हणून उतरल्यावर तो कुठे मिळेल ते आधीच शोधा. आणि नवा डबा घेतला की त्याचं वजन मार्करनं डब्यावरच लिहा, म्हणजे पुढच्या वेळी अर्धवट डब्यात किती गॅस उरलाय ते काट्यावर ठेवल्याबरोबर कळतं.