हवेने चुरगळलेला तारा

[पडद्यावर: दुर्बिणीतून दिसणारा, सतत थरथरणारा तेजस्वी डाग]

हा एकच तारा आहे. वर्षानुवर्षं त्याचा प्रकाश अवकाशातून बिनबोभाट आला, आणि शेवटच्या काही किलोमीटरमध्ये आपल्या हवेने त्याची ही दशा केली.

गरम आणि थंड हवेचे झोत एकमेकांत घुसळत असतात. प्रत्येक झोत प्रकाशाला थोडा वेगळा वळवतो, आणि सपाट आलेलं तरंगाग्र, म्हणजे प्रकाशलहरीची पुढची कड, चुरगळतं. चांगल्या वेधशाळेतही ते जेमतेम दहा-वीस सेंटीमीटरपर्यंतच सपाट उरतं. त्यामुळे पाच मीटरच्या आरशाला ०.०२५ आर्कसेकंदाचा (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) तपशील दिसायला हवा, तिथे हाती लागतो साधारण एक आर्कसेकंदाचा धूसर ठिपका. यावर न्यूटनने १७०४ साली उपाय सांगितला होता: उंच डोंगरावर जा. तो आजही खरा आहे, पण पुरेसा नाही.

१९७० मध्ये आंत्वान लाबेरी या फ्रेंच शास्त्रज्ञाने सुचवलं, की एक्स्पोजर अगदी छोटं ठेवा, काही मिलिसेकंदांचं. तेवढ्या वेळात हवेला हलायला सवडच मिळत नाही.

[पडद्यावर: एकच फ्रेम, असंख्य बारीक ठिपके]

फोटोत तारा ओळखू येत नाही. पण यातला प्रत्येक ठिपका दुर्बिणीच्या पूर्ण क्षमतेइतका बारीक आहे! तपशील पुसला गेलेला नाही, विखुरला आहे.

अशा हजारो फ्रेमची नुसती बेरीज केली तर पुन्हा तोच डाग. म्हणून आधी प्रत्येक फ्रेमचं फूरिये रूपांतर करतात, म्हणजे चित्र लहानमोठ्या लहरींमध्ये फोडतात, आणि मग प्रत्येक लहरीच्या ताकदीच्या वर्गाची (स्वतःशीच केलेल्या गुणाकाराची) सरासरी घेतात. जोडताऱ्यांमधलं अंतर यातून कळतं. चित्र मात्र उभं राहत नाही, कारण लहरींची कला, म्हणजे कुठली लहर नेमकी कुठे चढते-उतरते ते, हरवते. ती मिळवायला तीन-तीन लहरींच्या कला अशा जोडतात, की हवेची गडबड बहुतांशी आपापसात कटते.

इथे सावध राहावं लागतं. प्रतिमा 'दुरुस्त' करणारं गणित फार ताणलं, तर ते गोंगाटातूनही तारे काढून दाखवतं.

[पडद्यावर: टॅरंट्युला तेजोमेघ]

या तेजोमेघाच्या, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगाच्या, गाभ्यातला आर१३६ए हा सूर्याच्या दोन हजार पटींहून जास्त वस्तुमानाचा एकच तारा असावा, असं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला काही शास्त्रज्ञ मानत. १९८५ मध्ये वायगेल्ट आणि बायर यांनी याच ठिपक्यांच्या तंत्राने तो पाहिला. तिथे आठ तारे निघाले. पुढे हबल दुर्बिणीने, हवेच्या बाहेरून पाहून, तो एक तारा नसून ताऱ्यांचा गुच्छच असल्याचं दाखवलं.