आरसा नंतर, फट आधी

नमस्कार. घरच्या घरी स्वस्त सूर्यचूल कशी करायची, हा आजचा विषय. ते मी सांगणारच आहे. पण आधी हात वर करा बघू, कुणाकुणाच्या माळ्यावर सोलर कुकर पडून आहे? बघा, निम्मी सभा! हात खाली घ्या. चूक तुमची नाही, आणि हेच सांगायला मी आलेय.

आमच्या घरी ती पेटी ऐंशीच्या दशकात आली. तेव्हा सरकारी अनुदान मिळायचं. पत्र्याची पेटी, आत काळा ट्रे, वर दोन काचांचं झाकण, आरसा आणि चार काळे डबे. विकणारा आईला म्हणाला, "वहिनी, आता गॅसला सुट्टी." हे वाक्य मला आजही बोचतं. आई शाळेत शिकवायची. साडेदहाला सगळ्यांचे डबे भरून व्हायला हवेत आणि पेटीतलं वरण तयार होणार दुपारी एकला! दोन्हींचा मेळ बसणार कसा? तरी आईने सुट्टीच्या दिवशी नेमाने ती वापरली. दोनेक वर्षांनी मात्र काचेला आतून सारखं पाणी सुटायला लागलं, तीन-तीन तास ठेवूनही भातात कणी राहायला लागली. दुकानात विचारलं, तर उत्तर मिळालं, "आरसा पुसत जा." आई रोज आरसा पुसत राहिली. आपलंच काहीतरी चुकतंय असं तिला वाटत राहिलं, आणि एक दिवस पेटी माळ्यावर गेली.

मी ती खाली काढली बऱ्याच वर्षांनी. झाकणात वर्तमानपत्राची पट्टी धरली आणि ओढून पाहिली. तीन बाजूंना पट्टी अडकली, बिजागरीच्या बाजूने सरकन बाहेर आली. तिथलं रबर वाळून कडक झालं होतं. सायकलची जुनी ट्यूब कापून चिकटवली. दुसऱ्या दिवशी भात दोन तासांत मऊ झाला. आरशावरचे डाग होते तसेच होते, ते मी मुद्दाम पुसले नव्हते.

विल्यम ॲडम्स नावाच्या इंग्रज गृहस्थांनी मुंबईत राहून सूर्यचूल बनवली होती. १८७८ साली त्यांचं त्यावरचं पुस्तकही निघालं. जानेवारीतल्या उन्हात सात शिपायांचं मांस-भाजीचं जेवण दोन तासांत शिजलं, असं त्यांनी लिहून ठेवलंय. ही हकीकत सांगितली की सगळे विचारतात, आरसे किती होते? आठ होते. भांड्यावर काचेचं आवरणही होतं, त्याबद्दल कुणी विचारत नाही. काच ऊन आत येऊ देते, पण तापलेल्या भांड्याची उष्णता सहज बाहेर सोडत नाही, वाराही अडवते.

साधा हिशेब करू. दुपारच्या स्वच्छ उन्हात एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट पडतात. अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद पेटीवर २५०. त्यातले १०० अन्नात गेले, तर २ लिटर पाणी ३० अंशांवरून ९५ वर जायला दीड तास लागेल. फटीतून गळून ५० च उरले, तर तीन तास. आईचा भात या दोन आकड्यांच्या मध्ये अडकला होता!

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर भराभर सांगते, लिहून घ्या.

पुठ्ठ्याचे दोन खोके, एकात एक, मध्ये सगळीकडून दोन इंच जागा. तिथे चुरगळलेले कागद किंवा भाताचा कोरडा तूस भरा. थर्माकोल नको, तापला की आक्रसतो. आतल्या भिंतींना ॲल्युमिनियम फॉइल, तळाला पत्रा, त्याला फळ्याचा काळा रंग. स्टीलचा पातळ डबा बाहेरून त्याच रंगाने रंगवा. काच जुन्या फोटोफ्रेमची चालेल. दोन असतील तर मध्ये बोटभर अंतर ठेवा. कडेला ट्यूबची पट्टी, आणि कागद ओढून चारही बाजू तपासा. पेटी दोन-तीन दिवस रिकामीच उन्हात तापवा, म्हणजे रंगाचा वास जाईल. आरसा सगळ्यात शेवटी, पुठ्ठ्याला फॉइल चिकटवून. हिवाळ्यात पेटीचं तोंड दक्षिणेकडे.

पैसे खर्च करायचे ते ओव्हनच्या थर्मामीटरवर. रिकाम्या पेटीचं तापमान दर दहा मिनिटांनी लिहा. एक दिवस आरशासह, एक दिवस आरशाशिवाय, एक दिवस मुद्दाम फट ठेवून. फरक वहीत दिसेल. फोडणी यात होणार नाही, भाकरीही नाही. वरण, भात, रताळी होतील. ढग आले तर अर्धं कच्चं अन्न कोमट पेटीत ठेवू नका, सरळ गॅसवर घ्या. मुलं आरशात वाकून बघतात, त्यांना आवरा.

आणि शेंगदाणे! एकच थर पसरा, हलवायची गरज नाही, करपत नाहीत. सकाळी दहाला ठेवलेले इथेच बाहेर पायरीवर पेटीत आहेत. ऊन अजून आहे. चला, बघायला या, फक्त झाकण उघडलंत की लगेच लावा.