दातांच्या तारा निघाल्यावर काय?

(दृश्य : चिपळूण, दवाखाना. पक्कड जवळून.)

दात सरळ करणारी तार ज्यात बसते, तो दातावर सिमेंटने चिकटवलेला छोटा तुकडा म्हणजे ब्रॅकेट. त्याच्या दोन्ही कडा धरून पक्कड हलकी दाबली, की ब्रॅकेट सुटतं. दात ओढला जात नाही. दातावर उरलेला सिमेंटचा थर बरने, म्हणजे यंत्राच्या फिरत्या टोकाने, खरवडतात आणि मग पॉलिश करतात. आरसा हातात आला की पेशंट म्हणतात, "झालं एकदाचं!" पण दात आता तर कुठे मोकळे झालेत, आणि मोकळे दात सरकतात.

दात हाडात घट्ट रुतलेले नसतात, मुळाभोवतीच्या बारीक तंतूंनी ते हाडाला बांधलेले असतात. दात सरकवला की हे तंतू ताणले जातात. मुळाजवळचे तीन-चार महिन्यांत नव्या जागेला रुळतात. हिरडीतले काही लवचीक तंतू मात्र वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ दाताला मागे खेचत राहतात. शिवाय वय वाढतं तशी खालच्या पुढच्या दातांत थोडी दाटी होतेच, तारा लावलेल्या असोत वा नसोत. म्हणून रिटेनर : दातांना नव्या जागी धरून ठेवणारं साधन.

(दृश्य : माप घेणं, लॅब.)

दातांचं माप घ्यायची अल्जिनेटची पूड पाण्यात कालवायची, ट्रेमध्ये भरायची, तोंडात दाबून धरायची. दोन-तीन मिनिटांत ते घट्ट होतं. हे माप उघड्यावर ठेवलं तर त्यातलं पाणी उडून ते आक्रसतं, म्हणून धुऊन लगेच त्यात डेंटल स्टोन, म्हणजे कडक होणारं प्लास्टर, ओततात; त्यातून दातांचा साचा निघतो. मापात बुडबुडा राहिला तर साच्यातल्या दातावर गाठ उमटते आणि नेमका तिथेच रिटेनर दाताला टेकत नाही. लॅबमधला माणूस साचा उजेडाकडे धरून फिरवतोय, तो हेच शोधतोय.

पारदर्शक रिटेनरसाठी साधारण १ मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची शीट तापवतात. ती मधे झोळ खाऊ लागली, की साच्यावर ओढून घेतात. थंड झाल्यावर कापून कडा घासतात. खरखरीत कड हिरडी सोलते. दुसरा प्रकार हॉली रिटेनर. अमेरिकेतले चार्ल्स हॉली यांनी १९१९ मध्ये मांडलेली ही रचना अजून चालते. ०.७ मिलिमीटरची स्टीलची तार पकडीने हातानेच वळवायची, मागे गुलाबी अॅक्रिलिकची प्लेट. तारेचं हे एकच वळण बघा, दाताच्या उंचवट्याला किती जवळून जातंय. तिसरा प्रकार कायम चिकटवलेला : खालच्या सुळ्यापासून सुळ्यापर्यंत, दातांच्या आतल्या बाजूने पिळाची बारीक तार.

(दृश्य : नळाखाली रिटेनर.)

काढता येणारा रिटेनर सुरुवातीचे काही महिने जेवण आणि ब्रश सोडून बाकी पूर्ण वेळ घालायचा, मग डॉक्टर सांगतील तेव्हापासून रोज रात्री. काढल्यावर लगेच गार पाण्याखाली धरा, मऊ ब्रशने आतूनबाहेरून घासा, सौम्य साबण पुरतो. टूथपेस्टने नको : तिच्यातल्या कणांनी ओरखडे पडतात, ओरखड्यांत थर बसतो आणि वास येतो. गरम पाण्यात तर मुळीच नको. उन्हात तापलेल्या गाडीतही शीट वाकडी होते. पावसाळ्यात डबी भोकांची हवी, आत ठेवण्याआधी रिटेनर पुसून घ्या. सोलकढी प्यायच्या आधी काढून ठेवा. आणि जेवताना कागदात गुंडाळून पानाशेजारी तर ठेवूच नका. असे रिटेनर उष्ट्याबरोबर जातात.

चिकटवलेल्या तारेखालून साधा दोरा जात नाही. टोक ताठ असलेला फ्लॉस तारेखालून ओवा, प्रत्येक दाताच्या दोन्ही बाजूंनी वरखाली फिरवा. तो टाळला तर तिथे दगडासारखा थर साठतो आणि हिरडीतून रक्त येतं. कुर्लीची नांगी पुढच्या दातांनी फोडू नका, आंब्याचा बाठाही पुढच्या दातांनी ओरबाडू नका : एका दातावरचा सिमेंटचा ठिपका सुटतो, तार जागेवरच दिसते आणि तो एकटा दात गुपचूप फिरतो. आठवड्यातून एकदा बोटाच्या टोकाने एकेक ठिपका चाचपून बघा.

रिटेनर काही दिवस राहून गेला तर घालताना घट्ट लागतो. महिने गेले तर बसतच नाही, आणि पुन्हा तारा लावाव्या लागू शकतात.

तुटला तर घरी गोंदाने जोडू नका. पाऊस असो, एसटी चुको, तुकडे डबीत घालून त्याच आठवड्यात दवाखान्यात आणा. साचा जपून ठेवलेला असेल तर तोही सोबत घ्या. दात हलले नसतील तर त्याच साच्यावर नवा रिटेनर निघतो, पुन्हा माप द्यावं लागत नाही.