चिमटीभर ओवा

नमस्कार, श्रोतेहो. पुण्यात पावसाची झड लागली की घरोघरी भज्यांचं पीठ भिजतं आणि मागच्या फळीवरची ओव्याची बरणी पुढे येते. एरवी मिसळणाच्या डब्यात ओव्याला जागा नसते. मला वाटतं, ती असायला हवी.

ओवा पिठात घालण्याआधी तळहातावर चोळायचा, असं घरातल्या मोठ्या बायका सांगतात. त्यात शास्त्र आहे. ओव्याच्या दाण्याच्या सालीत तेलाच्या बारीक नळ्या असतात. चोळलं की त्या फुटतात आणि थायमॉल नावाचं सुगंधी द्रव्य मोकळं होतं. ते पाण्यात फारसं विरघळत नाही, तेला-तुपात मात्र सहज उतरतं. म्हणून कडबोळी, तिखटमिठाच्या पुऱ्या, खारे शंकरपाळे अशा मोहन घातलेल्या, तळणीच्या पदार्थांत ओवा खुलतो. गवारीच्या भाजीला तर ओव्याची फोडणी हवीच. गवार वातूळ, तिच्यावरचा उतारा फोडणीतच पडतो. फक्त तो जळू देऊ नका, जळला की कडवटपणा तेवढा उरतो.

आयुर्वेदाने ओवा उष्ण, तीक्ष्ण, दीपन म्हणजे भूक वाढवणारा आणि पाचन मानला आहे. पोट फुगलं, जेवण अंगावर आलं, तर चिमूटभर ओवा आणि सैंधव चावून खायचं, वर कोमट पाणी प्यायचं. हिंग्वाष्टक चूर्णातही बरेच वैद्य ओवा वापरतात, आणि ते चूर्ण घ्यायचं तुपात कालवून, जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर. सर्दीत तव्यावर भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी हुंगली की मोकळं वाटतं. ज्यांना पित्ताचा त्रास आहे, त्यांनी मात्र हात आखडता घ्यावा. गरोदरपणी औषध म्हणून ओवा घ्यायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

काष्ठौषधींच्या दुकानात ओव्याचं फूल मिळतं. फूल म्हणजे थायमॉलचे स्फटिक. ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल म्हणजे मेंथॉलचे स्फटिक, आणि कापूर समभाग एकत्र केले की तिन्ही घन पदार्थ आपोआप पातळ होतात. तीच आपली अमृतधारा. पहिल्या महायुद्धाआधी भारतातला ओवा जहाजांनी जर्मनीला जाई आणि तिथले कारखाने त्यातून थायमॉल काढत. त्या काळी पोटातल्या आकडीकृमींवर थायमॉल हेच नावाजलेलं औषध होतं. १९१४ साली युद्ध पेटलं आणि हा व्यापार तुटला. आपल्या चकलीत पडणाऱ्या दाण्याची एवढी मातब्बरी होती! पण दाणा वेगळा आणि फूल वेगळं. फुलात ताकद एकवटलेली असते, ते अंदाजाने पोटात घेऊ नका. आणि कापराचं कुठलंही मिश्रण तान्ह्या बाळाला लावू नका, हुंगवूही नका. कापराने बाळाला झटके येऊ शकतात.

बाळंतिणीच्या खोलीतली ओव्याची धुरी आपल्याकडे अजून टिकून आहे. बाळंतिणीला शेक सुखाचा वाटतो, हे मी जाणते. पण फ्लॅटच्या बंद खोलीत शेगडी पेटवून केलेला धूर बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांत जातो. धुरी सोडा. जेवणानंतर ओवा, बाळंतशोपा आणि तीळ भाजून केलेली सुपारी बाळंतिणीला जरूर द्या.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. छातीत दाटून आलं, घाम फुटला, कळ डाव्या हातात किंवा जबड्याकडे जाऊ लागली, तर "गॅस झाला असेल" म्हणून ओवा चावत बसू नका. ओव्याने आराम पडतोय का ते पाहण्यात जाणारा वेळ हृदयाच्या स्नायूला परवडत नाही. लगेच १०८ ला फोन करा, ओवा डब्यातच राहू द्या. नमस्कार.