तीन मिलिमीटरची फट

लंडनमधला काउन्सिलचा कुठलाही जुना टॉवर घ्या. काउन्सिल म्हणजे तिथली पालिका, आणि ही तिने भाड्याने दिलेली घरं. लिफ्टमधून बाहेर आलं की बोळ, बोळात ओळीने घरांची मुख्य दारं.

आग लागलेल्या घरातली माणसं बाहेर पडणार, बाकीच्यांनी मात्र आपापल्या घरात थांबायचं, असा या इमारतींचा मूळ हिशोब. प्रत्येक घर बंद डब्यासारखं असेल तरच तो जमतो. डब्याचं झाकण म्हणजे हे दार.

१४ जून २०१७. लंडनच्याच ग्रेनफेल टॉवरच्या आगीत ७२ जणांचा जीव गेला. जगाने पाहिलं ते भिंतींवरचं जळतं आवरण. २०१९ च्या चौकशी अहवालात दारांबद्दलही लिहिलंय: माणसं बाहेर पडली, पण बरीच दारं मागे आपोआप मिटली नाहीत आणि धूर बोळांत पसरला. आगीनंतर पोलिसांनी तिथलंच एक शाबूत दार भट्टीत तपासलं. ते ३० मिनिटं टिकायला हवं होतं. सुमारे १५ मिनिटांत आग आरपार गेली.

२३ जानेवारी २०२३ पासून इंग्लंडमध्ये नियम आला. ११ मीटरहून उंच निवासी इमारतींत सामाईक जागेतली अग्निरोधक दारं दर तीन महिन्यांनी तपासायची, घरांची मुख्य दारं वर्षातून एकदा.

तपासणी अशी. दार पूर्ण उघडून सोडायचं. मग चार बोटं उघडं धरून पुन्हा सोडायचं. दोन्ही वेळा हात न लावता ते चौकटीत बसून खटका लागला पाहिजे. फसतं ते बहुधा दुसऱ्या वेळी. क्लोजरचा, म्हणजे दार आपोआप मिटवणाऱ्या यंत्राचा, जोर कमी, बिजागरीचे स्क्रू ढिले, किंवा नवा गालिचा खालून घासतोय. मग फट मोजायची. वर आणि दोन्ही बाजूंना ३ मिलिमीटरच्या आसपास. कडेच्या खाचेत उष्णतेने फुगणारी पट्टी असते, तिला फार मोठी फट भरून काढता येत नाही. शेजारची ब्रशसारखी पट्टी थंड धूर अडवते, आणि रंगारी नेमका तिच्यावरच रंग फासून जातो.

दार अडकतं म्हणून सुतार रंधा मारतो, तिथून खरा घोळ सुरू होतो. दमट हवेत घासणारं दार रंधा मारल्यावर कोरड्या हवेत ६ मिलिमीटर फट दाखवतं. अशा वेळी बिजागरीमागे अग्निरोधक पॅकिंग घालून दार सरकवता येतं. कडेला लाकडी पट्टी जोडायची, तर त्या दाराच्या प्रमाणपत्रात परवानगी हवी. नसेल तर दार बदला. कुलूप बदलल्यावर उरलेलं जुनं भोक लाकडी भुशाच्या पुट्टीने बुजवणं ही दुरुस्ती नव्हे. आणि जुन्या दाराला ड्रिल लावण्याआधी काउन्सिलची ॲस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक तंतूंचं खनिज) नोंदवही उघडा. जुन्या काही अग्निरोधक दारांत ॲस्बेस्टॉसचा बोर्ड आहे.

दार निदान दिसतं तरी. बोळातल्या फॉल्स सीलिंगच्या वर कोण डोकावतं? कॅम्बरवेलच्या लकनाल हाउस या टॉवरमध्ये ३ जुलै २००९ च्या आगीत सहा जण गेले, त्यांत तीन मुलं. इमारतीच्या अंतर्भागात आग-धूर अडवणारे अडसरच अपुरे होते, आणि आगीच्या धोक्याचं मूल्यांकन तोवर झालेलंच नव्हतं. २०१७ मध्ये तिथल्या सदर्क काउन्सिलला २,७०,००० पौंड दंड झाला, वर ३,००,००० पौंड खर्च.

छताच्या वर लपलेल्या भिंतींना भोकं पाडतं कोण? इंटरनेटची केबल टाकणारा, प्लंबर, वायरमन. बुजवायला सगळ्यांचा लाडका गुलाबी फोम. डब्यावर 'अग्निरोधक' छापलेलं असतं. पण अशा फोमची चाचणी सहसा सरळ, अरुंद सांध्यांसाठी झालेली असते, पाइपभोवतीच्या खड्ड्यासाठी नव्हे. प्लॅस्टिकचा पाइप वितळला की त्याच्या जागी आरपार भोक राहतं. तिथे फुगून ते भोक आवळणारी कॉलर लागते.

म्हणून काम 'पूर्ण' असा शिक्का मारण्याआधी व्यवस्थापकाने चार गोष्टी मागाव्यात: आधीचा फोटो, नंतरचा फोटो, वापरलेल्या मालाचं नाव, आणि त्या भिंतीला व त्या पाइपला लागू पडणारा चाचणीचा पुरावा. छत बंद झाल्यावर काढलेला फोटो काही कामाचा नाही.

उरतं ते घरात शिरणं. भाडेकरू दिवसा कामावर. गॅसची वार्षिक तपासणी तशीही करावीच लागते, त्याच भेटीत दार पाहिलं तर एक फेरी वाचते. तरीही दार उघडलं नाही, तर पत्र, फोन, संध्याकाळची वेळ, सगळ्याची तारखेनिशी नोंद ठेवायची. काउन्सिलने शक्य ते सगळं केलं, हे तिलाच दाखवावं लागतं. काउन्सिलकडून दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर विकत घेतलेल्या घरांचं दुखणं वेगळं. तिथे मालकाने हौसेने साधं प्लॅस्टिकचं दार बसवलेलं असतं, आणि ते दार नेमकं कुणाचं, हे आधी भाडेपट्ट्याच्या कागदात शोधावं लागतं.

क्लोजर बसवला, नोंद झाली. पुढच्या तपासणीला त्याचा दांडा सुटलेला. आतल्या आजींना ते दार ढकलवत नाही, म्हणून नातवाने स्क्रू काढला. पुन्हा तोच क्लोजर बसवला, तर स्क्रू पुन्हा निघणार. इथे लागतो मोकळा झुलणारा क्लोजर: एरवी दार साध्या दारासारखं हलकं, धुराचा अलार्म वाजला की ते ओढून बंद करणारा. महाग आहे, वायरिंग लागतं, आणि त्याची वर्क ऑर्डर सुताराच्या नव्हे, वायरमनच्या नावाने निघते.